वही कोणाच्या हातात होती? बेसबॉलचे आकडे आणि पारखी डोळे

बेसबॉलवर बोलायचं ठरलं तेव्हा आम्हाला वाटलं होतं, समोर आठ-दहा माणसं असतील. तुम्ही बरेच जण आलात, बरं वाटलं. एक गोष्ट आधीच कबूल करतो. आम्ही हा खेळ कधी खेळलेलो नाही. अमेरिकेतल्या संध्याकाळच्या मॅचेस आपल्याकडे पहाटे साडेचार-पाचला सुरू होतात. चहाचा कप घेऊन त्या बघणारे आणि मग दिवसभर आकड्यांवरून वाद घालणारे आम्ही प्रेक्षक.

या वादात कायम दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, खेळाडू डोळ्यांनी पारखावा लागतो. त्यासाठी प्रत्येक क्लबकडे स्काउट असतात. गावोगावच्या मैदानांवर बसून पोरांचा खेळ बघायचा, हेच त्यांचं काम. दुसरा पक्ष म्हणतो, डोळे फसवतात, आकडे बघा. आज या भांडणाचा इतिहास बघू. आकडा काही आकाशातून पडत नाही. काय मोजायचं आणि काय सोडायचं, हे कोणीतरी बसून ठरवलेलं असतं. म्हणजे आकड्याच्या पोटातही कोणाचा तरी डोळा असतोच. त्यामुळे आम्हाला विचारावासा वाटतो तो प्रश्न असा, की वही कोणाच्या हातात होती?

ही वही पहिल्यांदा ज्याच्या हातात ठळकपणे दिसते तो माणूस क्रिकेटचा होता, बरं का. हेन्री चॅडविक. जन्म १८२४, इंग्लंडमधल्या एक्सेटरचा. १८३७ मध्ये कुटुंबाबरोबर ब्रुकलिनला आला आणि पुढे वर्तमानपत्रांसाठी क्रिकेटच्या बातम्या लिहू लागला. १८५६च्या सुमारास त्याला बेसबॉलचा नाद लागला. सामन्याचा सगळा हिशोब एका छोट्या तक्त्यात मांडायचा, ती ‘बॉक्स स्कोअर’ची पद्धत त्याने रुळवली. स्कोअरबुकात ‘के’ अक्षर म्हणजे स्ट्राइकआउट, ही खूणही त्याचीच.

आता बघा, चॅडविकचं एक मत आकड्यांत कसं शिरलं. बेसबॉलमध्ये पिचरने चार चेंडू पट्ट्याबाहेर टाकले आणि फलंदाजाने ते सोडून दिले, तर फलंदाजाला पहिला बेस फुकट मिळतो. त्याला ‘वॉक’ म्हणतात. क्रिकेटमध्ये वाइड पडला तर धाव कोणाच्या नावावर जाते? अवांतरमध्ये. चूक गोलंदाजाची, फलंदाजाचं त्यात काय कर्तृत्व? चॅडविकनेही वॉककडे तसंच पाहिलं. पिचरची चूक, फलंदाजाला श्रेय नाही. १८८७च्या एका हंगामात उलटा प्रयोग झाला, वॉकलाच हिट धरलं गेलं. फलंदाजांच्या सरासऱ्या भलत्याच फुगल्या आणि पुढच्याच वर्षी तो नियम गुंडाळला. तेव्हापासून ‘बॅटिंग अ‍ॅव्हरेज’ म्हणजे हिट भागिले अ‍ॅट-बॅट, आणि वॉक या हिशोबातून साफ बाहेर.

यात बिघडलं काय? सोपं उदाहरण घेऊ. दोन फलंदाज, दोघेही शंभर वेळा खेळायला आले. पहिल्याचे २७ हिट आणि ३ वॉक. दुसऱ्याचे २३ हिट आणि १५ वॉक. वॉक वजा करून भागाकार केला, की पहिल्याची सरासरी .२७८ येते आणि दुसऱ्याची .२७१. पेपरात पहिला वर. पण मैदानावर काय घडलं? पहिला ७० वेळा बाद झाला, दुसरा ६२ वेळा. एका संघाला नऊ डावांत मिळून २७ बाद मिळतात, तेच त्याचं भांडवल. ते जपणारा फलंदाज शंभर वर्षं यादीत खाली राहिला. चेंडू सोडता येणं ही कला आहे, हे सुनील गावसकरांची बॅटिंग पाहिलेल्या माणसाला वेगळं सांगायला नको.

हे सगळ्यांच्या नजरेतून सुटलं होतं असंही नाही. १९४७ साली ब्रुकलिन डॉजर्सचा प्रमुख ब्रँच रिकी याने माँट्रियलच्या अ‍ॅलन रॉथला नोकरीवर ठेवलं. रॉथचं काम एकच, प्रत्येक चेंडूची नोंद ठेवायची. क्लबने पूर्णवेळ आकडेतज्ज्ञ नेमण्याची ही पहिलीच वेळ मानली जाते. १९५४ मध्ये रिकीने ‘लाइफ’ मासिकात लेख लिहून सांगितलं की नुसत्या बॅटिंग अ‍ॅव्हरेजवर विसंबू नका, फलंदाज बेसवर किती वेळा पोचतो ते बघा. फारसं कोणी ऐकलं नाही. ‘ऑन-बेस पर्सेंटेज’ अधिकृत आकडेवारीत यायला १९८४ साल उजाडलं.

पण १९४७ म्हटलं की जगाला रॉथ आठवत नाही. त्या वर्षी १५ एप्रिलला, त्याच रिकीच्या त्याच संघातून, जॅकी रॉबिन्सन मैदानात उतरला आणि मेजर लीगमधली वर्णबंदी मोडली. त्याला आणलं कोणी? एका स्काउटने. ऑगस्ट १९४५ मध्ये रिकीने क्लाइड सुकफोर्थला शिकागोला धाडलं होतं, रॉबिन्सनचा थ्रो किती दमदार आहे ते बघून ये म्हणून. तिथे पोचल्यावर कळलं, रॉबिन्सनचा खांदा दुखावलाय, तो खेळतच नाहीये. म्हणजे बघायला गेला ते बघताच आलं नाही! तरीही सुकफोर्थ त्याच्याशी बोलला, माणूस जोखला आणि त्याला ब्रुकलिनला घेऊन आला. हे कुठल्या तक्त्यात मावतं, सांगा. स्काउट म्हणजे जुनाट, हट्टी म्हातारे अशी टिंगल करणाऱ्यांना आम्ही हा किस्सा हमखास ऐकवतो.

अर्थात स्काउटचे डोळेही चुकतात, आणि चांगलेच चुकतात. १९८० मध्ये न्यूयॉर्क मेट्सने बिली बीनला पहिल्याच फेरीत घेतलं. उंच, चपळ, देखणा. बघणाऱ्याला वाटावं, हा भावी स्टार. मेजर लीगमध्ये तो १४८ सामने खेळला, सरासरी .२१९. उलट अल्बर्ट पुहोल्सला १९९९ मध्ये तेराव्या फेरीपर्यंत कोणी उचललं नाही. त्याच्या आधी चारशे एक पोरं निवडली गेली होती. त्याने पुढे ७०३ होमरन मारले.

हाच बिली बीन नंतर ओकलंडचा जनरल मॅनेजर झाला, आणि ज्या डोळ्यांनी आपल्याला निवडलं त्या डोळ्यांवरचा त्याचा विश्वास उडालेला होता. त्याला आधार मिळाला बिल जेम्सच्या लिखाणाचा. जेम्स हा कॅन्ससचा. डबाबंद बीन्सच्या कारखान्यात रात्रपाळीचा पहारेकरी होता तो. १९७७ मध्ये त्याने बेसबॉलच्या आकड्यांवर पुस्तिका काढली, पदरचे पैसे घालून. किती प्रती खपल्या? पंचाहत्तर. पण जुनी वही तपासायची, हा धडा त्याने एका पिढीला दिला. २००२ मध्ये ओकलंडने यँकीजच्या साधारण एक तृतीयांश पगारखर्चात १०३ सामने जिंकले, त्यातले वीस ओळीने. मायकेल लुईसच्या ‘मनीबॉल’ या पुस्तकाने आणि नंतरच्या सिनेमाने ही गोष्ट जगभर नेली. सिनेमा बघून आलेले आमचे मित्र म्हणाले, संपलं, आकडे जिंकले. आम्ही म्हटलं, जरा दमानं. बीनने जुना आकडा बाजूला ठेवून नवा धरला, कारण जुन्यात चॅडविकचं मत दडलेलं होतं.

नुसत्या आकड्याने काय होतं ते आपल्या देशातही दिसलं. २००८ मध्ये ‘मिलियन डॉलर आर्म’ नावाची स्पर्धा झाली, चेंडूचा वेग मशीनने मोजायची. त्यातून उत्तर प्रदेशातले दोन भालाफेकपटू, रिंकू सिंग आणि दिनेश पटेल, पिट्सबर्ग पायरेट्सपर्यंत पोचले. करार झाला, पण मेजर लीगपर्यंत दोघांपैकी कोणीच पोचलं नाही. वेग हे एक अंग. बाकीचा खेळ लहानपणापासून हाडात मुरावा लागतो. पोरांचा त्यात काही दोष नाही, उलट त्यांच्या हिमतीला आमचा सलाम.

आता ज्याच्यासाठी हा विषय घेतला त्याच्याकडे येतो. जॉश गिब्सन. जन्म १९११, जॉर्जिया. कृष्णवर्णीय असल्यामुळे मेजर लीगची दारं त्याला बंद. तो ‘नीग्रो लीग’मध्ये खेळला. त्या लीगचं त्या काळचं नावच ते. होमस्टेड ग्रेज आणि पिट्सबर्ग क्रॉफर्ड्स हे त्याचे संघ. २० जानेवारी १९४७ रोजी तो गेला, अवघ्या पस्तिसाव्या वर्षी. रॉबिन्सन मैदानात उतरायला तीन महिनेसुद्धा उरले नव्हते.

गिब्सनला बघणारे कमी नव्हते. गोऱ्या क्लबांची माणसंही त्याला बघून थक्क होत. म्हणजे डोळ्यांनी त्याला पारखलं होतं. फक्त वहीत जागा नव्हती. १९६९ मध्ये एका समितीने मेजर लीग कोणाकोणाला म्हणायचं ते ठरवलं. सहा लीगना मान मिळाला, नीग्रो लीग त्यात नव्हत्या. त्या चुकीची कबुली डिसेंबर २०२० मध्ये आली आणि मे २०२४ मध्ये १९२० ते १९४८ या काळातल्या सात लीगमधल्या दोन हजार तीनशेहून अधिक खेळाडूंचे आकडे अधिकृत वहीत चढले. ते आले कुठून? बरेचसे कृष्णवर्णीयांच्या जुन्या वर्तमानपत्रांतून. अभ्यासकांनी वर्षानुवर्षं बसून एकेक बॉक्स स्कोअर शोधून काढला, तरी नोंद सुमारे तीन-चतुर्थांशच पुरी झाली. आणि कारकिर्दीच्या सरासरीत पहिल्या नंबरावर कोण आलं? गिब्सन, .३७२. दशकानुदशकं तिथे टाय कॉब होता, .३६७वर.

लगेच ओरड झाली. गिब्सनचे अ‍ॅट-बॅट साधारण सव्वादोन हजार, कॉबचे अकरा हजारांहून जास्त, ही काय तुलना? आक्षेप खोटा नाही, आम्हीही तो धुडकावून लावत नाही. पण ते सव्वादोन हजारच का उरले? लीगचे सामने कमी असत, पोटासाठी संघ गावोगाव फिरून प्रदर्शनी सामने खेळत, आणि ते या हिशोबात धरलेले नाहीत. हॉल ऑफ फेममधल्या गिब्सनच्या पाटीवर जवळपास ८०० होमरनचा उल्लेख आहे. अधिकृत वहीत दोनशेही नाहीत. आणि कॉब तरी त्या काळातल्या सगळ्या उत्तम पिचरांसमोर खेळला होता का? कित्येक तर त्याच्या लीगने दाराबाहेरच ठेवले होते. त्याच्या आकड्यापुढे मात्र कोणी तारांकन लावायला सांगत नाही.

आमचं मत विचाराल तर गिब्सन पहिल्या नंबरावर राहावा. हा आकडा अपुरा आहे, हेही शेजारी लिहावं. आणि तेवढीच एक ओळ कॉबच्या शेजारीही लिहावी.

चला, आम्ही थांबतो. मागे कोणाचा तरी हात कधीपासून वर आहे. विचारा.