जूनची हजेरी

मृगाचा पहिला पाऊस पडला की परभणीच्या बसस्थानकावर एक वेगळी गर्दी दिसू लागते. जिंतूर, पाथरी, गंगाखेड, पालमकडून आलेली मुलंमुली. पूर्वी हातात पत्र्याची पेटी असायची, आता पाठीवर बॅग असते. डब्यातली भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी मात्र तीच. सुटीभर शेतात, दुकानात, लग्नकार्यात गुंतलेली ही मुलं पुन्हा कॉलेजात रुळू पाहतात. पहिल्या आठ-पंधरा दिवसांत सर हजेरी घेतात, तेव्हा काही नावांना उत्तरच येत नाही. मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणतं, ‘‘तो आता येत नाही, सर.’’ आणि पुढचं नाव पुकारलं जातं.

श्रोतेहो, आपल्या मराठवाड्यातल्या उच्च शिक्षणाचा इतिहास मला या उत्तर न आलेल्या नावांचाच इतिहास वाटतो.

निजामाच्या काळात परभणीच्या मुलाला कॉलेज शिकायचं म्हणजे मीटरगेजच्या गाडीत बसावं लागे. एका दिशेला औरंगाबाद, म्हणजे आताचं छत्रपती संभाजीनगर, आणि दुसऱ्या दिशेला हैदराबाद. हैदराबादेत 1918 मध्ये उस्मानिया विद्यापीठ स्थापन झालं. विज्ञान, कायदा, इतिहास हे सगळं तिथं उर्दूतून शिकवलं जाई. त्यासाठी खास भाषांतर विभाग उभारला गेला होता. इंग्रजी राजवटीच्या काळात एका भारतीय भाषेतून विद्यापीठ चालवणं ही मोठीच गोष्ट होती. पण गोदाकाठच्या मराठी मुलाला इंग्रजी जशी परकी, तशी ही पुस्तकी उर्दूही परकीच. सुटीत आईशी मराठीत बोलायचं आणि जूनमध्ये परत गेल्यावर उर्दूत विचार करायचा, अशी त्याची ओढाताण असे.

पुढे 1938 साल आलं. ऑक्टोबरात स्टेट काँग्रेसचा सत्याग्रह सुरू झाला. नोव्हेंबरात औरंगाबादच्या आणि उस्मानियाच्या वसतिगृहांत मुलांनी ‘वंदे मातरम्’ म्हणायला सुरुवात केली. अधिकाऱ्यांनी बंदी घातली, मुलं हटली नाहीत. शेकडो जणांची नावं कमी झाली. त्या गीताविषयी तेव्हाही मतभेद होते, आजही आहेत. मला बोलायचंय ते रिकाम्या झालेल्या बाकांविषयी. वर्ष अर्ध्यावर आलेलं, घरी जावं तर वडील काय म्हणतील ही धास्ती, आणि दुसरीकडे प्रवेश कोण देणार? तेव्हा नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू टी. जे. केदार यांनी दार उघडलं. मुलं नागपूरला गेली, नव्या गावात, नव्या माध्यमात पुन्हा बाकावर बसली. पुढे देशाचे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव त्यांच्यातलेच एक. केदारांनी नियमावर बोट ठेवलं असतं तर त्या मुलांचं काय झालं असतं, हे सांगता येत नाही.

दहा वर्षांनी पुन्हा बाकं रिकामी झाली. या वेळी कारणं अनेक होती. 1947 मध्ये ‘जॉईन इंडिया’ चळवळीसाठी कितीतरी मुलांनी कॉलेज सोडलं. रझाकारांच्या जुलमामुळे हजारो हिंदू कुटुंबं सरहद्दीपलीकडे गेली. 13 ते 17 सप्टेंबर 1948 या पाच दिवसांत पोलीस कारवाई झाली आणि मराठवाडा मुक्त झाला. त्या मुक्तीचा आनंद खरा होता. त्यानंतरच्या दिवसांत अनेक मुस्लिम घरांनी आपली माणसं गमावली, हेही तितकंच खरं.

माझे थोरले चुलते, आम्ही त्यांना बडे अब्बा म्हणायचो, त्या वर्षी औरंगाबादेत इंटरला होते. सप्टेंबरात घरी आले ते परत गेलेच नाहीत. घरात कर्तं कुणी उरलं नव्हतं. शिवाय ज्या भाषेत ते शिकले होते, ती भाषा पुढे कॉलेजात राहणार नाही, असं सगळे सांगत होते. तसंच झालं. उस्मानियातलं उर्दू माध्यम गेलं, इंग्रजी आलं. जी ओढाताण आधी मराठी मुलाच्या वाट्याला होती, ती आता उर्दू शिकलेल्याच्या वाट्याला आली.

बडे अब्बांच्या पेटीत त्यांच्या वह्या होत्या. तर्कशास्त्राला मंतिक, भूगोलाला जुग्राफिया आणि इतिहासाला तारीख. लहानपणी मला वाटायचं, तारखेची एवढी जाड वही कशाला? मराठीत तारीख म्हणजे दिवस, उर्दूत तारीख म्हणजे इतिहासही. हे कळायला मला कॉलेजात जावं लागलं.

मुक्तीनंतर दारं उघडली तीही लक्षात ठेवली पाहिजेत. 1950 च्या जूनमध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचं कॉलेज औरंगाबादेत सुरू झालं, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून नावारूपाला आलं. ज्यांच्या घराण्यात कुणी कधी कॉलेजचा उंबरा ओलांडला नव्हता, ती मुलं तिथं आली. त्याच वर्षी स्वामी रामानंद तीर्थांच्या पुढाकारानं नांदेडला पीपल्स कॉलेज निघालं. 23 ऑगस्ट 1958 रोजी मराठवाडा विद्यापीठ स्थापन झालं आणि परीक्षेसाठी हैदराबादकडे डोळे लावून बसणं संपलं.

याच काळातलं एक नाव आपल्या मातीतलं. नरहर कुरुंदकर. त्यांचं कुरुंदा गाव आज हिंगोली जिल्ह्यात आहे, तेव्हा ते परभणी जिल्ह्यात होतं. हैदराबादेत इंटरला ते वारंवार नापास झाले. शाळेत शिक्षक झाले. पुढे उशिरा पदव्या घेतल्या, आणि नांदेडच्या पीपल्स कॉलेजात प्राध्यापक आणि प्राचार्य झाले. परत येणाऱ्याला वयाची लाज नसते, एवढं तरी त्यांच्याकडून शिकावं.

पण दार एकदा उघडलं की कायमचं उघडं राहतं, असं नाही. 27 जुलै 1978 रोजी विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव विधिमंडळात झाला आणि मराठवाड्यात दलित वस्त्या पेटवल्या गेल्या. कॉलेजचं वर्ष नुकतं सुरू झालं होतं. ज्याचं गावाकडचं घर जळालं, त्यानं कोणत्या मनानं वर्गात येऊन ‘हजर’ म्हणायचं? डॉ. आंबेडकरांचं नाव विद्यापीठाला मिळायला 14 जानेवारी 1994 उजाडावं लागलं.

आता माझं. 1989 मध्ये मी बी.ए.च्या पहिल्या वर्षाला पास झालो. मे महिन्यात अब्बा आजारी पडले, मी सायकल दुरुस्तीच्या दुकानात बसू लागलो. कॉलेज सुरू झालं, मी गेलो नाही. पंधरा दिवसांनी बडे अब्बा दुकानात आले. पंक्चरची पेटी स्वतःकडे ओढून म्हणाले, ‘‘हमारे वक्त कोई बुलाने नै आया. तू जा.’’ साठीला टेकलेला तो माणूस पुढची दोन वर्षं सकाळी दुकानात बसला. मी वर्गात गेलो तेव्हा मराठीच्या सरांनी एवढंच विचारलं, ‘‘आलास? बस.’’ त्यांनी हजेरीपटातून माझं नाव काढलेलं नव्हतं. आज मी मराठीत कविता लिहितो, ती त्या दोन माणसांमुळे.

अर्ज, दाखला, हजेरी, दप्तर, शाई हे शब्द अरबी-फारसीतून आले आणि मराठीत असे रुळले की ते कधी बाहेरून आले, हे कुणाच्या ध्यानातही येत नाही. शब्दांना जागा मिळाली, म्हणून ते रुळले. माणसांचंही तसंच आहे. तेव्हा या जूनमध्ये एखाद्या नावाला उत्तर आलं नाही, तर पुढचं नाव पुकारण्याआधी थोडं थांबावं. त्याच्या गावचा कुणी वर्गात असेल, तर त्याच्याजवळ निरोप द्यावा. एस.टी. तर रोज त्या गावाला जातेच.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)