पुरानंतरची गोळी आणि कंपवात

२२ जुलै २०२१ रोजी सावित्रीच्या पुराने महाड बुडाले. पाणी ओसरल्यावर चिखल उपसताना लेप्टोस्पायरोसिसची धास्ती आली. अशा वेळी कोकणात आरोग्यसेवक प्रतिबंधासाठी देतात ती गोळी म्हणजे डॉक्सिसायक्लीन. औषधांचा कच्चा माल बनवणाऱ्या वसाहतीच्या या गावाला ती नवखी नाही. मात्र हीच गोळी पार्किन्सन्स, म्हणजे कंपवात, रोखू शकेल का, या प्रश्नाचा इतिहास फारसा परिचित नाही.

या औषधाचे कूळ मातीतले. अमेरिकेतील मिसुरी विद्यापीठाच्या प्रयोगशेतातील मातीत बेंजामिन डग्गर यांना एक सोनेरी सूक्ष्मजीव सापडला. त्यापासून निघालेले ऑरिओमायसिन १९४८ मध्ये जगासमोर आले. लेडर्ली कंपनीतील या संशोधनाचे संचालक होते आंध्रचे येल्लाप्रगडा सुब्बाराव. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ते निवर्तले. टेट्रासायक्लीन घराण्यातील हे पहिले औषध. डॉक्सिसायक्लीन १९६७ मध्ये बाजारात आलेले त्याचे धाकटे भावंड.

पुढचा प्रसंग जर्मनीतला. मार्सियो लाझारिनी हे ब्राझिलियन संशोधक उंदरांच्या मेंदूत एक विषारी द्रव्य सोडून कंपवात निर्माण करत होते. चाळीस उंदरांपैकी लक्षणे दिसली अवघ्या दोघांत! प्रयोग फसला असे वाटावे अशीच ही स्थिती. मग प्रयोगशाळेतील एका तंत्रज्ञाच्या ध्यानात आले, की उंदरांना चुकून डॉक्सिसायक्लीन मिसळलेले खाद्य दिले गेले होते. (असे खाद्य तिथे असणे नवलाचे नव्हते. जनुके चालू-बंद करण्याची कळ म्हणून प्रयोगशाळा हे औषध वापरतात.) खाद्य फेकून प्रयोग नव्याने मांडणे सोपे होते. ब्राझीलच्या एलेन डेल-बेल आणि पॅरिसच्या रिटा रेझमन-वोझारी यांच्यासह या संशोधकांनी त्या चुकीचाच पाठपुरावा केला. २०१३ च्या निबंधात औषधाने मेंदूतील दाह आवरून चेतापेशी वाचवल्याचे मांडले गेले. २०१७ मध्ये अर्जेंटिनातील सहकाऱ्यांबरोबर त्यांनी दाखवले, की अल्फा-सिन्युक्लिन हे प्रथिन विषारी गुठळ्या करते, त्या गुठळ्यांची घडणच हे औषध बदलते. कंपवातात पेशींत साचते ते हेच प्रथिन.

इथे उत्साहाला लगाम हवा. याच घराण्यातील मिनोसायक्लीन माणसांवर आधीच तपासले गेले होते. २००६ मध्ये अमेरिकेत नव्याने निदान झालेल्या २०० रुग्णांच्या चाचणीचा निष्कर्ष एवढाच होता, की मिनोसायक्लीनला निरुपयोगी ठरवून बाद करता येत नाही. पुढच्या वर्षी दुसरा धक्का बसला. एएलएस या वेगळ्या चेताविकाराच्या ४१२ रुग्णांत हेच औषध घेणाऱ्यांची अवस्था बनावट गोळी घेणाऱ्यांपेक्षा वेगाने ढासळली. उंदीर वाचवणारे औषध माणसाला अपायही करू शकते, हे तिथे आकड्यांनी दिसले.

प्रतिजैविकाची अडचण आणखी एक. कंपवात वर्षानुवर्षांचा, आणि औषध रोज घेतले तर जंतू त्याला सरावतात. ज्या सावित्रीकाठी ही गोळी लेप्टोविरुद्धचे हत्यार आहे, तिथे हा धोका पुस्तकी नाही. त्यामुळे संशोधकांची नजर लहान मात्रेकडे वळली. हिरड्यांच्या विकारासाठी २० मिलिग्रॅमची मात्रा अमेरिकेत १९९८ पासून मान्य आहे; ती जंतू मारत नाही, पण दाह शमवते. मेंदूसाठी एवढी मात्रा पुरते का, हे माणसांवरील चाचण्यांनीच ठरायचे आहे. तोवर कंपवाताच्या रुग्णाच्या हाती मुख्य औषध आहे ते १९६० च्या दशकातले लेव्होडोपाच.