जमिनीवर पडलेला चिमटा

मुंबईच्या इस्पितळात आपण नर्सला ‘सिस्टर’ म्हणत होतो. इस्राएलमध्ये येऊन हिब्रू शिकलो तेव्हा कळले की इथेही तिला ‘आखोत’, म्हणजे बहीणच म्हणतात. ही बहीण आपल्या खाटेपाशी येण्याआधी हात धुते. आज आपल्याला त्यात काही विशेष वाटत नाही. पण ही सवय लागायला जगाला पुष्कळ वर्षे लागली, आणि ती नव्हती तेव्हा पुष्कळ माणसे गेली. या इतिहासात आपली मुंबई आहे, एक यहुदी शास्त्रज्ञ आहेत आणि आपल्या समाजाची एक लेकही आहे. म्हणून तो येथे थोडक्यात सांगतो.

1847 साली व्हिएन्नाच्या मोठ्या इस्पितळात डॉ. सेमेलवाइस यांनी पाहिले की, जेथे डॉक्टर आणि विद्यार्थी बाळंतपण करतात त्या विभागात सुइणींच्या विभागापेक्षा जास्त बाळंतिणी तापाने मरतात. डॉक्टर मंडळी प्रेते तपासून थेट बाळंतिणीकडे येत होती. त्यांनी सर्वांना क्लोरीनच्या पाण्याने हात धुवायला लावले. एप्रिलमध्ये शंभरात 18 मरत होत्या, जूनमध्ये सुमारे 2 वर आल्या. तरीही मोठमोठ्या डॉक्टरांना ते पटले नाही. पुढे फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी 1860 साली लंडनला नर्सेसची शाळा काढली आणि स्वच्छता हा नर्सच्या शिक्षणाचा पाया झाला.

आता मुंबईकडे येऊ. 1896 च्या सप्टेंबरात मांडवीला प्लेग उघडकीस आला. ओडेसा येथे जन्मलेले यहुदी शास्त्रज्ञ डॉ. हाफकिन यांनी भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात प्लेगची लस तयार केली आणि 10 जानेवारी 1897 रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. त्यानंतर लाखो लोकांना ती टोचण्यात आली.

पण 1902 च्या ऑक्टोबरात पंजाबातील मुल्कोवाल गावी भलतेच घडले. त्या दिवशी 107 जणांना लस टोचली. त्यांपैकी एकाच बाटलीतून लस मिळालेले 19 जण धनुर्वाताने मेले. दोष हाफकिन यांच्या प्रयोगशाळेवर आला आणि त्यांना कामावरून दूर केले. पुढे तपासात दिसून आले की, बाटली उघडण्याचा चिमटा मदतनिसाच्या हातून जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला. 1907 साली डॉ. रोनाल्ड रॉस यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी लंडनच्या वर्तमानपत्रात जाहीरपणे हाफकिन यांची बाजू घेतली, तेव्हा कुठे त्यांच्यावरील डाग पुसला. परळच्या त्या प्रयोगशाळेला 1925 साली त्यांचे नाव मिळाले.

एका चिमट्यापायी 19 जीव गेले आणि एका निरपराध माणसाची पाच वर्षे गेली. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात आणि औषधाच्या पाण्यात नुसते बुडवून ते मरत नाहीत. त्यासाठी दाबाखालची वाफ लागते. म्हणूनच नर्सेसना शिकवतात की खाली पडलेली वस्तू पुन्हा ट्रेमध्ये ठेवायची नाही, मग मोठे डॉक्टर घाई करोत की कोणी रागावो. स्वच्छ जखमेची पट्टी आधी बदलायची, पू झालेल्या जखमेची शेवटी. अंथरुणाला खिळलेल्या रोग्याची कूस वेळच्या वेळी बदलायची, म्हणजे पाठीला जखमा होत नाहीत. हे पुस्तकात वाचून येत नाही. वॉर्डात जुन्या सिस्टरच्या हाताखाली उभे राहूनच ते अंगात मुरते.

मुंबईत असे शिक्षण देणाऱ्या जागांपैकी एक म्हणजे 1886 साली सुरू झालेले कामा हॉस्पिटल. तेथे डॉ. ईडिथ पीची यांनी नर्सेसच्या शिक्षणाची सोय केली. त्याच कामा हॉस्पिटलचा कारभार 1929 पासून 1947 पर्यंत आपल्या डॉ. जेरुशा झिराड यांनी पाहिला. बाळंतपणात मुंबईच्या स्त्रिया कशाने दगावतात याचा त्यांनी अभ्यास केला. 1966 साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांचे नाव आपल्या घराघरांत अभिमानाने घेतले जाते.

पण डॉक्टरांची नावे राहतात आणि सिस्टरांची विसरली जातात. आपल्या समाजाच्या कितीतरी मुली नर्स झाल्या. रात्रपाळ्या केल्या, दुसऱ्यांच्या आयांना न्हाऊ घातले, मुंबईत शिकलेले हात घेऊन इस्राएलला आल्या आणि नव्या भाषेत पुन्हा कामाला लागल्या. आज त्यांतल्या बऱ्याच जणी स्वतःच दुसऱ्याच्या हातच्या सेवेवर आहेत.

म्हणून वाचकांना आमची दोन मागणी आहेत. आपली आई, मावशी, आत्या किंवा शेजारीण नर्स असेल, तर तिचे नाव, ती कुठे शिकली आणि तिने कुठे काम केले, हे आजच वहीत लिहून ठेवा. नातवंडांना मराठी येत नसेल तर त्यांच्याकडून हिब्रूत लिहून घ्या. आणि कुपात होलीममध्ये किंवा इस्पितळात कोणी हात न धुता आपल्याला हात लावू लागले, तर संकोच न करता गोड शब्दांत आठवण करून द्या. आपल्या सिस्टरांनीही तेच केले असते.