खांदेरीचा दिवा कोण राखत होते?

कबनूरहून समुद्र शंभर किलोमीटरांहून अधिक दूर आहे. आमच्या वर्गातल्या बऱ्याच मुलांनी तो पाहिलेला नाही. म्हणून अलिबागजवळच्या थळ गावाहून होडीने जाऊन खांदेरी बेटाची जी छायाचित्रे आम्ही काढली होती, त्यांतले एक मोठे करून नववीच्या वर्गात लावले. छायाचित्रात पाण्यालगत तटबंदी आहे, मागे टेकडी आहे आणि टेकडीवर दीपगृहाचा अष्टकोनी मनोरा आहे. माणूस मात्र एकही नाही. ‘शंभर वर्षांपूर्वी या मनोऱ्यातला दिवा राखणाऱ्या माणसाचा एक दिवस लिहा,’ असे आम्ही मुलांना सांगितले.

मुलांनी उत्साहाने लिहिले. वादळे आली, एकटेपणा आला, वेड लागलेला म्हातारा आला, दोन-तीन भुतेही आली. तेल मात्र कोणाच्याच निबंधात आले नाही. शेवटी एका मुलीने विचारले, ‘सर, रात्रभर झोप लागू नये म्हणून तो काय करत असंल?’ तिचे वडील यंत्रमागावर रातपाळी करतात. तिच्या या प्रश्नाने आमचा पुढचा सगळा पाठ बदलला. त्याच पाठाची ही हकिकत आहे.

आधी बेटाविषयी थोडे. खांदेरी मुंबईच्या दक्षिणेस सुमारे २० किलोमीटरवर आहे. इ. स. १६७९ मध्ये शिवाजी महाराजांनी तेथे तटबंदीचे काम सुरू केले. मुंबईच्या तोंडावर मराठ्यांचे ठाणे इंग्रजांना परवडणारे नव्हते. त्यांनी आरमार पाठवले, समुद्रावर लढाई झाली, पण बेट मराठ्यांकडेच राहिले. पुढे १७१८ मध्ये मुंबईचा गव्हर्नर चार्ल्स बून याने कान्होजी आंग्रे यांच्या ताब्यातील खांदेरीवर हल्ला केला, तोही फसला. पेशवाई बुडाल्यावर बेट इंग्रजांकडे गेले आणि १८६७ मध्ये तेथे दीपगृह उभे राहिले. ज्या बेटाने इंग्रजांची गलबते दोनदा परतवली, तेच आता मुंबईकडे येणाऱ्या जहाजांना वाट दाखवू लागले. १८६९ मध्ये सुएझचा कालवा खुला झाला आणि मुंबईची जहाज-वाहतूक आणखी वाढली. जुलै २०२५ मध्ये ‘युनेस्को’ने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. त्यांत आपल्या पन्हाळ्याबरोबर खांदेरीही आहे.

हा झाला राजांचा, आरमाराचा आणि दगडांचा इतिहास. दीपगृहांच्या इतिहासातही बांधणाऱ्यांची नावे ठळकपणे येतात. कुलाब्याच्या दक्षिणेकडील खडकावर १८७५ मध्ये पुरे झालेले प्राँग्ज दीपगृह अभियंता थॉमस ऑर्मिस्टन याच्या नावाने ओळखले जाते. दिवा बांधून पुरा होतो तो एकदाच, पण तो पेटवावा लागतो रोज. रोज पेटवणाऱ्यांची नावे पुस्तकांत क्वचितच सापडतात. मग त्यांच्या आयुष्याकडे जायचे कुठल्या वाटेने? आम्हाला वाटते, त्यांच्या हातातल्या कामाच्या वाटेने. माणसाचे नाव पुसले गेले, तरी यंत्र त्याच्याकडून काय मागत होते ते यंत्राकडे पाहून कळते.

त्या काळच्या मोठ्या दीपगृहांत तेलाचा, अनेक वाती असलेला दिवा असे. कंदील वापरलेल्या घरात हे सांगावे लागणार नाही की वात सारखी केली नाही तर काजळी धरते आणि काच काळवंडते. दीपगृहात हीच गोष्ट मोठ्या प्रमाणावर होई. म्हणजे रात्री वातींवर लक्ष ठेवणे आणि सकाळी काचा लख्ख पुसणे ही कामे आलीच. तेल मनोऱ्याच्या माथ्यापर्यंत पायऱ्यांनीच न्यायचे. खांदेरीचा मनोरा सुमारे २५ मीटर, म्हणजे आठ मजली इमारतीएवढा उंच आहे.

दिव्याभोवती भिंगांची कडी असत. प्रकाश चहूकडे पसरतो. त्यातला आकाशाकडे आणि पायथ्याकडे जाणारा प्रकाश जहाजाच्या उपयोगाचा नसतो. तो वळवून क्षितिजाकडे पाठवायचा तर मोठे भिंग हवे आणि मोठे भिंग फार जाड व जड होते. फ्रान्सच्या ऑगस्तँ फ्रेनेलने ओळखले की प्रकाश वळतो तो काचेच्या पृष्ठभागाशी, मधली जाडी निरुपयोगी आहे. त्याने भिंगाचे पायऱ्या-पायऱ्यांचे कडे केले. असे भिंग १८२३ मध्ये फ्रान्समधील कोर्दुआँ दीपगृहात प्रथम बसले.

पण भिंग दोन्ही बाजूंनी काम करते. रात्री ते दिव्याचा प्रकाश बाहेर पाठवते, तर दिवसा बाहेरचे ऊन आत गोळा करते. त्या उन्हाने आग लागण्याचा धोका असतो. म्हणून दीपगृहांत सकाळी पडदे ओढून घेण्याची पद्धत पडली. सूर्य उगवला म्हणून रक्षकाला लगेच पाठ टेकता येत नसे.

आणि रातपाळीचे काय? फिरत्या दिव्यांत भिंगाचे कडे फिरवण्यासाठी घड्याळासारखे यंत्र असे. साखळीला वजन टांगलेले. ते हळूहळू खाली येई आणि चक्रे फिरत. वजन तळाशी पोचण्याआधी किल्ली देऊन ते पुन्हा वर घ्यावे लागे. शेजारच्या दिव्यांशी गफलत होऊ नये म्हणून प्रत्येक दीपगृहाची लुकलुक वेगळी ठरवलेली असते. कडे थांबले तर दिवा जळत राहील, पण तो खोटे बोलेल. त्याला दुसराच दिवा समजून जहाज खडकावर जाऊ शकेल. हे सांगितल्यावर ती मुलगी म्हणाली, ‘म्हणजे धोट्यातली कांडी संपायच्या आत बदलायची, तसंच.’ आम्हाला यापेक्षा चांगला दाखला सुचला नसता. यंत्राची वेळ हीच माणसाची वेळ, हे कबनूरच्या मुलांना शिकवावे लागत नाही.

कल्पनेला मोकळे सोडले की काय होते, याचे एक उदाहरण फार बोलके आहे. स्कॉटलंडच्या पश्चिमेस फ्लॅनन बेटांवर डिसेंबर १८९९ मध्ये दीपगृह सुरू झाले. वर्षभरातच, १५ डिसेंबर १९०० च्या रात्री तेथून जाणाऱ्या एका जहाजाला दिवा दिसला नाही. खराब हवेमुळे मदतीची बोट पोचली ती २६ तारखेला. जेम्स डुकॅट, थॉमस मार्शल आणि डोनाल्ड मॅकार्थर हे तिघेही बेटावर नव्हते. दिवा पुसून, तेल भरून ठेवलेला होता. स्वयंपाकाची भांडी घासलेली होती. पाटीवर १५ तारखेच्या सकाळी नऊपर्यंतच्या नोंदी होत्या. पश्चिमेकडील धक्क्यावर लोखंडी कठडे वाकले होते आणि समुद्रापासून सुमारे ११० फूट उंचीवर ठेवलेली दोरखंडांची पेटी वाहून गेली होती. तपासणी अधिकारी रॉबर्ट मुइरहेड यांनी निष्कर्ष काढला की सामान वाचवायला गेलेल्या या माणसांना मोठ्या लाटेने ओढून नेले असावे.

ही हकिकत करुण आहे आणि तिच्यात भुतांची गरज नाही. तरी १९१२ मध्ये एका इंग्रज कवीने कवितेत अर्धवट टाकलेले जेवण रंगवले आणि लोक ते खरे मानू लागले. पुढे रक्षक रडत होते, प्रार्थना करत होते अशा रोजनिशीतल्या म्हणून काही नोंदीही छापल्या गेल्या. मूळ कागदपत्रांत त्या नाहीत. घासलेल्या भांड्यांतून दिसणारी नेमस्त, कामसू माणसे मागे पडली आणि त्यांच्या जागी घाबरलेली, भ्रमिष्ट माणसे उभी राहिली. मेलेल्या माणसावर हा अन्यायच आहे. आमच्या वर्गातल्या वेड्या म्हाताऱ्याचेही तेच झाले होते.

मग इतिहासात कल्पना करूच नये का? अवश्य करावी, पण तिची दोरी पुराव्याला बांधलेली असावी. वर्गात आम्ही फळ्यावर तीन रकाने केले: ‘दिसते ते’, ‘त्यावरून निघते ते’ आणि ‘आपण धरून चाललो ते’. मनोऱ्याची उंची पहिल्या रकान्यात. तेल पायऱ्यांनी न्यावे लागे, हे दुसऱ्यात. पावसाळ्यात दर्या खवळला की घरची खबर उशिरा येत असेल, हे तिसऱ्यात. तिसरा रकाना पुसायचा नाही. तो तिसरा आहे एवढेच विसरायचे नाही.

या पाठाला गणिताची जोडही देता येते. उंचीचे मीटरमध्ये वर्गमूळ काढून त्याला ३.५७ ने गुणले की क्षितिजाचे अंतर किलोमीटरमध्ये मिळते. दिवा समुद्रापासून ५० मीटर उंच धरला तर त्याचे क्षितिज सुमारे २५ किलोमीटरवर येते. जहाजावरच्या माणसाचा डोळा ५ मीटर उंच असेल तर त्यात आणखी ८ किलोमीटर मिळवावे. ६० किलो वजनाच्या माणसाने १० किलोचा डबा २५ मीटर वर नेला तर काम किती झाले, हेही काढायला सांगावे. डब्यापेक्षा स्वतःला वर नेण्याचे काम सहापट निघते, याचे मुलांना नवल वाटते.

आता दिवे विजेवर आणि सौरऊर्जेवर आपोआप चालू शकतात. फ्लॅननचे दीपगृह १९७१ पासून माणसाशिवाय चालते. आमच्या छायाचित्रात माणूस नाही, तो तेव्हाही दिसला नसता; दिवा राखणारा दिव्याच्या मागे असतो. आठवड्याने मुलांनी निबंध पुन्हा लिहिले. भुते गेली होती. त्या मुलीच्या निबंधातला रक्षक पहाटे शेवटची किल्ली देतो, पूर्वेकडे पाहतो आणि झोपायला जाण्याआधी पडदा ओढतो.