प्रिझम, न्यूटन आणि एक चुकलेला नियम

ऐकण्यापेक्षा वाचायला आवडणाऱ्यांसाठी या भागाचं हे लेखी रूप.

भर दुपारी झाडाच्या फांद्यांचा, मागे लख्ख आकाश असलेला फोटो काढा आणि झूम करून बघा. कधीकधी फांदीच्या कडेला बारीकशी जांभळी रेघ दिसते. याला क्रोमॅटिक ॲबरेशन म्हणतात. भिंगाच्या कडा म्हणजे शेवटी छोटे प्रिझमच, आणि प्रिझम सगळ्या रंगांना सारखं वळवत नाही. ही रेघ काढून टाकता येणारच नाही, असं एका फार मोठ्या माणसानं लिहून ठेवलं होतं. आजची गोष्ट त्या वाक्याची आहे.

माणूस अर्थातच न्यूटन. प्रिझममधून रंग दिसतात हे त्याच्या आधीही लोकांना माहीत होतं. पण रंग काच तयार करते, पांढरा प्रकाश काचेतून जाताना ‘बिघडतो’, असा तेव्हाचा समज होता. न्यूटनच्या सांगण्यानुसार १६६६ च्या सुरुवातीला त्यानं एक प्रिझम मिळवला, खोली अंधारी केली, खिडकीच्या झडपेला छोटं भोक पाडलं आणि २२ फुटांवरच्या भिंतीवर रंग पाडले. रंग बघून तो खूश झाला, पण अडकला आकारावर. सूर्य गोल, भोक गोल. प्रिझम त्यानं ज्या कोनात धरला होता, त्या कोनात तेव्हाच्या नियमांप्रमाणे भिंतीवरही गोलच पडायला हवा होता. पडला लांबट पट्टा: लांबी सव्वातेरा इंच, रुंदी अडीच इंचांहून जराशी जास्त. म्हणजे पाचपट!

पुढे त्यानं जे केलं ते आमच्या क्षेत्रातल्या कुणालाही ओळखीचं वाटेल. शुद्ध डीबगिंग. काच जाड आहे म्हणून होतंय का? भोकाच्या आकारामुळे? काचेत दोष आहे? एकेक शक्यता तपासून बाद केली. मग पट्ट्यातला एकच रंग फळीच्या भोकातून पुढे सोडून दुसऱ्या प्रिझममधून नेला. तांबडा तांबडाच राहिला आणि कमी वळला, निळा निळाच राहिला आणि जास्त वळला. दुसऱ्या काचेनं नवा रंग काही तयार केला नाही. म्हणजे रंग पांढऱ्या प्रकाशात आधीपासूनच होते, प्रिझमनं फक्त वेगळे केले. १६७२ मध्ये हे छापून आलं आणि रॉबर्ट हूकशी वाद सुरू झाला. (आपल्या ‘तानापिहिनिपाजा’ मधले सात रंगही त्याचेच. आधी तो पाचच मोजायचा. संगीताच्या सात सुरांशी जुळावं म्हणून नारिंगी आणि पारवा आत आले.)

हे होतं कसं? काचेत शिरल्यावर प्रकाशाचा वेग कमी होतो, म्हणून तो वळतो. जांभळा तांबड्यापेक्षा जास्त मंदावतो, म्हणून जास्त वळतो. फरक केवढा? आजच्या साध्या क्राउन काचेच्या ६० अंशांच्या प्रिझममधून प्रकाश साधारण ३९ अंश वळतो, आणि दोन टोकांच्या रंगांत अंतर पडतं जेमतेम दीड अंशाचं. पण दुर्बिणीत तेवढंच पुरतं वाट लावायला. भिंगांचे दोष झाकायला तेव्हाचे लोक दुर्बिणी लांबच लांब करत गेले. डान्झिगच्या हेवेलियसची तर १५० फुटी होती!

न्यूटननं भिंगाचा नादच सोडून आरशाची दुर्बीण बनवली. तिथवर ठीक. पण १७०४ च्या ‘ऑप्टिक्स’ मध्ये त्यानं काच आणि पाणी यांच्या प्रयोगावरून एक सरसकट नियम मांडला. त्याचा अर्थ असा की प्रकाश वळला की त्या प्रमाणात रंग फुटणारच, पदार्थ कुठलाही असो. मग रंग घालवायचे तर वळणही घालवावं लागणार, आणि न वळवणारं भिंग काय कामाचं? मला हे फार बोचतं. स्वतःच्या प्रिझमला इतक्या बाजूंनी छळणाऱ्या माणसानं इथे मोजक्या पदार्थांवरून सगळ्यांचा नियम केला. आणि नाव न्यूटनचं, त्यामुळे पुढची कित्येक वर्षं बहुतेकांनी तपासूनच पाहिलं नाही.

चेस्टर मूर हॉल नावाच्या वकिलानं पाहिलं. १७३० च्या आसपास त्यानं क्राउन काचेचं फुगीर भिंग आणि शिसं असलेल्या फ्लिंट काचेचं खोलगट भिंग जोडलं. फ्लिंट तेवढ्याच वळणाला जवळपास दुप्पट रंग फोडते. त्यामुळे रंग एकमेकांना मारतात आणि थोडं वळण शिल्लक राहतं. गुपित फुटू नये म्हणून त्यानं दोन भिंगं दोन वेगळ्या कारागिरांकडे दिली. सांगतात की दोघांनीही काम पुढे एकाच माणसाकडे दिलं, जॉर्ज बासकडे! हॉलनं मात्र काहीच छापलं नाही.

जॉन डॉलंड मूळचा लंडनचा रेशीम विणकर. गंमत म्हणजे ऑयलरनं न्यूटनच्या नियमावर शंका घेतली, तेव्हा हाच न्यूटनच्या बाजूनं भांडला होता. मग स्वीडनच्या क्लिंगेनस्टिएर्नानं गणितानं त्या नियमातली विसंगती दाखवली, आणि डॉलंडनं काच-पाण्याचा प्रयोग स्वतः करून पाहिला. वळण शून्य, तरी रंग शिल्लक! १७५८ मध्ये त्याला पेटंट आणि कोप्ली पदक दोन्ही मिळालं. हॉलच्या भिंगाबद्दल त्याला आधी किती कळलं होतं, यावर इतिहासकार अजून वाद घालतात. तो गेल्यावर मुलगा पीटरनं पेटंट मोडणाऱ्यांना कोर्टात खेचलं. हॉलनं आधी केलं होतं हे कोर्टातही आलं, पण १७६६ मध्ये निकाल डॉलंडकडे गेला: शोध कपाटात ठेवणाऱ्यापेक्षा लोकांपर्यंत नेणाऱ्याचा हक्क मोठा. हॉल तेव्हा जिवंत होता. ओपन सोर्सवाल्यांनी यावर कमेंटमध्ये जरूर भांडावं.

भिंगं आणखी चांगली करायची तर कुठली काच कुठला रंग नेमका किती वळवते हे मोजायला हवं, आणि ‘पिवळा’ म्हणजे नेमका कुठला पिवळा हेच ठरत नव्हतं. १८१४ मध्ये बव्हेरियात फ्राउनहोफर याच कामाला बसला. प्रिझममधून आलेल्या सूर्यप्रकाशाच्या पट्ट्याकडे त्यानं दुर्बिणीतून बघितलं, तर त्यात पाचशेहून जास्त बारीक काळ्या रेषा. ठळक रेषांना त्यानं अक्षरं दिली आणि फूटपट्टीवरच्या खुणांसारख्या वापरल्या. काच बनवणाऱ्यांच्या कॅटलॉगमध्ये त्यातली सी आणि एफ ही अक्षरं आजही सापडतात.