बावखल बुजवण्याआधी

मे महिना लागला की व्हॉट्सअ‍ॅपवर एक मेसेज हमखास फिरतो. ‘पागोळीखाली ड्रम ठेवा, पावसाचं पाणी साठवा, बाग फुलवा.’ सोबत निळ्या ड्रमाचा फोटो. मेसेज चांगलाच आहे, पण वसईकराने तो पुढे पाठवण्याआधी थोडा हिशोब करावा.

१ चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे १ लिटर पाणी. आपल्याकडे चार महिन्यांत साधारण २००० मिलिमीटर पाऊस पडतो, कधी त्याहून बराच जास्त. हजार चौरस फुटांचं छप्पर म्हणजे ९३ चौरस मीटर. वाया जाणारं, उडणारं, पहिल्या पावसाचं घाण पाणी वजा केलं तरी अशा एका छपरावरून हंगामात दीड लाख लिटर पाणी उतरतं. १० हजार लिटरचे १५ टँकर! आणि २०० लिटरचा तो निळा ड्रम भरायला लागतो फक्त तीन मिलिमीटर पाऊस. जूनच्या एका सरीत तो भरून वाहू लागतो. दीड लाख लिटर साठवायचं तर असे ७५० ड्रम लागतील. बरं, पावसाळ्यात बागेला पाणी लागतच नाही. लागतं ते ऑक्टोबरनंतर, आठ महिने.

म्हणजे पाणी गोळा करणं सोपं आहे. अडचण ते ठेवायचं कुठे, ही आहे. आणि या प्रश्नाचं उत्तर आपल्या पूर्वजांनी केव्हाच खणून ठेवलं होतं. बावखल!

बाहेरून आलेल्या मित्रांसाठी सांगतो. बावखल म्हणजे वाडीत माणसांनी खणलेलं छोटं तळं. बाव म्हणजे विहीर, पण बावखल विहिरीसारखं बांधीव, गोल, खोल नसतं. काठ उतरते, एका बाजूला गुरं उतरतील अशी वाट, कडेला माड, भेंड, चिंच. खणलेली माती कुठे जायची? वाडीच्या भरावाला आणि घराच्या जोत्याला. एकाच खोदकामात घर उंच झालं आणि पाण्याला जागा झाली. पावसाळ्यात कौलावरून, अंगणातून, वाडीतून वाहणारं पाणी उताराने तिथे येई. प्यायची विहीर वेगळी, घराजवळ. बावखल बागेसाठी, गुरांसाठी, धुण्यासाठी. मे महिन्यात तळाचा गाळ उपसून केळीच्या आणि पानवेलीच्या बुंध्याशी टाकायचा. खत विकत घ्यायची गरजच कमी. गाळ निघाला की पाणी मुरायच्या वाटाही मोकळ्या होत. पावसाळ्यानंतर मासे मिळत ते वेगळंच.

समजा ६० फूट लांब, ४० फूट रुंद आणि मध्यभागी १० फूट खोल असं बावखल आहे. उतरत्या काठांमुळे सरळ गुणाकाराच्या निम्मंच पाणी धरा, तरी सव्वातीन लाख लिटरच्या वर जातं. गास, भुईगाव, निर्मळ, वाघोली, नंदाखाल, गिरीज, तर्खड, उमराळे, जुन्या कोणत्याही गावात जा, अशी बावखलं वाड्यावाड्यांत होती. सरकारी योजना नाही, ठेकेदार नाही. चार-पाच घरांनी मिळून खणायचं आणि चार-पाच घरांनी मिळून राखायचं.

यामागचं शास्त्र आपल्याकडे विशेष महत्त्वाचं आहे, कारण आपण समुद्राच्या काठावर वाळूमिश्रित जमिनीवर राहतो. अशा जमिनीत पावसाचं गोडं पाणी खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. खारं पाणी जड, गोडं हलकं. जलशास्त्रातला ढोबळ नियम असा की, समुद्रपातळीच्या वर गोड्या पाण्याची पातळी १ फूट असेल, तर समुद्रपातळीच्या खाली सुमारे ४० फुटांपर्यंत गोडं पाणी असतं. हे ऐकायला छान वाटतं, पण हा हिशोब उलटाही चालतो. वरची पातळी उपसून १ फूट खाली नेली की खालून खारं पाणी हळूहळू ४० फूट वर सरकायला लागतं. एकदा विहीर खारी झाली की दोन-तीन पावसाळ्यांत ती गोडी होईल याची खात्री नाही. बावखल दरवर्षी पावसाचं पाणी जमिनीत मुरवून ही वरची पातळी टिकवत होतं. बागेचं पाणी आणि प्यायचं पाणी, दोन्हींचा रखवालदार.

आता इतिहास. वसईचा इतिहास म्हटलं की आपण किल्ला, १५३४ सालचा तह, १७३९ साली चिमाजी अप्पांनी जिंकलेली वसई, एवढ्यावर थांबतो. फार तर सोपाऱ्याचा स्तूप आणि अशोकाचा शिलालेख. मला नेहमी वाटतं की, या सगळ्या राजवटी आल्या-गेल्या तरी इथली खरी अर्थव्यवस्था रहाटावर चालत होती. रहाटगाडग्याच्या माळेला बांधलेली मडकी, गोल फिरणारा बैल किंवा रेडा, वर येऊन पन्हळीत ओतलं जाणारं पाणी, तिथून पाट, पाटातून आळी. ऊस, केळी, पानवेली, मोगरा, चाफा, भाजी. आगाशीची सुकेळी तर ब्रिटिशांच्या काळातही नावाजलेली. १८६७ साली विरारहून मुंबईला रेल्वे सुरू झाली आणि वसईच्या वाडीला मुंबईचा बाजार मिळाला. आजही पहाटेच्या लोकलने दादरला फुलं-भाजी घेऊन जाणारी आपली माणसं त्याच धाग्याचं टोक आहेत. सामवेदी असोत, वाडवळ असोत, पाचकळशी असोत, हिंदू असोत की ख्रिस्ती, घराघरात देव वेगळा पण बावखल सारखंच.

रहाटाला एक मर्यादा होती आणि तीच त्याची खुबी. जनावर थकतं. दिवसात ठरावीक वेळच फिरवता येतं. तेवढ्यात जेवढं पाणी निघेल तेवढं निघेल, मग रात्रभर विहीर आणि बावखल पुन्हा भरून येणार. पुढे डिझेलची इंजिनं आली, मग विजेच्या मोटरी. मोटर थकत नाही. बटण दाबून माणूस चहा प्यायला गेला तरी ती उपसत राहते. मी मोटरीला दोष देत नाही. भर उन्हात रहाटामागे फिरणं काय असतं ते आमच्या आजोबांच्या पिढीला विचारायला हवं होतं. त्या कष्टांचं गोडगुलाबी वर्णन करणारे लोक बहुधा कधी रहाटामागे फिरलेले नसतात. पण मोटर आली तेव्हा उपशाचा हिशोब बदलला आणि मुरवण्याचा हिशोब कोणी बदलला नाही, हे मात्र खरं.

मग आला खरा तडाखा. १९८०च्या दशकाच्या अखेरीला वसईची जमीन मोठ्या प्रमाणावर बांधकामासाठी खुली झाली. १९९० साली सिडकोकडे नियोजन आलं. कॉलन्या उभ्या राहिल्या, नळ मात्र मागून येणार होते. मधल्या काळात तहान कोणी भागवली? आपल्या वाड्यांमधल्या विहिरींनी. टँकरमागून टँकर भरले गेले. काहींनी पाणी विकलं, काहींच्या शेजाऱ्याने विकलं आणि त्यांची विहीर खारी झाली. जमिनीखालच्या पाण्याला कुंपण नसतं ना! फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसईचं आंदोलन उभं राहिलं ते याच काळात. बाकीच्या महाराष्ट्राने त्यांना २०२०च्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून ओळखलं. आपण मात्र त्यांना आधी पाण्यासाठी आणि झाडांसाठी रस्त्यावर उतरलेला माणूस म्हणून ओळखत होतो.

पुढे उसगाव, पेल्हार, सूर्या धरणाचं पाणी आलं. नळ आले ही चांगलीच गोष्ट झाली, पण नळ आल्याबरोबर बावखल ‘निरुपयोगी’ झालं. आधी त्यात प्लास्टिक, मग निर्माल्य, मग कुणाच्या तरी घराचा राडारोडा, मग जलपर्णी. असं दहा वर्षं चाललं की एक दिवस कोणीतरी म्हणतं, “अरे, हा तर नुसता डासांचा खड्डा आहे, बुजवून टाकू.”

डासांचा मुद्दा खोटा नाही. मुंबईत हे शंभर वर्षांपूर्वी होऊन गेलंय. १९११ साली डॉ. बेंटली यांनी मुंबईतल्या मलेरियावर अहवाल दिला. त्यात विहिरी आणि टाक्यांमधल्या डासांकडे बोट होतं. त्यानंतर शहरातल्या अनेक विहिरी बुजवल्या किंवा झाकल्या गेल्या. पारशी आणि इतर समाजांनी विरोध केला, कारण विहीर त्यांच्या धर्मात होती. काही ठिकाणी झाकण लावून, मध्ये छोटी खिडकी ठेवून तोडगा निघाला. मुंबईला दूरच्या तलावांचं पाणी मिळत होतं म्हणून तिला विहिरी बुजवणं परवडलं. जिवंत बावखलात मासे असतात, मासे डासांच्या अळ्या खातात. गप्पी मासे तर आरोग्य खातीच सोडतात. डास होतात ते मेलेल्या बावखलात, आणि ते आपण मारलेलं असतं.

आमच्या वाडीतलं बावखल सामाईक आहे, पाच घरांचं. दोन घरांना ते बुजवायचंय. जमिनीचा भाव बघता मी त्यांना वेडं म्हणणार नाही. मुलं बाहेर शिकतायत, वाडीचं उत्पन्न काय ते सगळ्यांना माहीत आहे. पण या निमित्ताने कागद बघितले तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. आमच्या सातबाऱ्यावर बावखलाचा उल्लेखच नाही. तिथे आहे नुसती बागायत जमीन. म्हणजे उद्या ते बुजवलं तर कागदावर काहीच बुजलेलं नसेल.

कायदा मदतीला येईल असं वाटत असेल तर तेही बघून घ्या. २०१७च्या पाणथळ जागांच्या नियमांमध्ये सिंचनासाठी आणि पिण्याच्या पाण्यासाठी माणसाने केलेले साठे वगळलेले आहेत. आपलं बावखल माणसाने केलेलं आणि बागेच्या सिंचनासाठी केलेलं. बसलं नेमकं वगळलेल्यांत! सर्वोच्च न्यायालयाचे २००१ आणि २०११चे गाजलेले निकाल गावाच्या सार्वजनिक तळ्यांबद्दल, सामाईक गावजमिनीबद्दल आहेत. बावखल खाजगी. दुसरीकडे राज्याच्या २०२०च्या एकत्रित विकास नियमावलीनुसार ५०० चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या भूखंडावर बांधकाम करताना पावसाचं पाणी मुरवायची सोय करणं बंधनकारक आहे. गंमत बघा. लाखो लिटर मुरवणारं बावखल बुजवायचं, त्यावर इमारत उभी करायची आणि मग कोपऱ्यात एक शोषखड्डा करून नियम पाळल्याचं दाखवायचं. हे सगळं कायदेशीर.

१० जुलै २०१८ आठवतोय? वसई, नालासोपारा पाण्यात, लोकल बंद, मिठागरांत अडकलेल्या लोकांना बाहेर काढावं लागलं. तो पूर फक्त बावखलं बुजल्यामुळे आला असं मी म्हणणार नाही. नाले अरुंद झाले, खाजणात भराव पडला, पाऊसही प्रचंड होता. पण वाडीवाडीत दोन-तीन लाख लिटर पाणी थांबवणाऱ्या जागा असतात तेव्हा रस्त्यावर येणारं पाणी तेवढं कमी येतं, हे समजायला इंजिनिअर लागत नाही.

ज्यांच्याकडे बावखल राहिलेलं नाही, फक्त अंगण आणि विहीर आहे, त्यांनी निदान छपराची पन्हळ विहिरीला जोडावी. पहिल्या दोन-तीन सरींचं पाणी बाहेर सोडून द्या, कारण त्यात धूळ, पक्ष्यांची विष्ठा, पाला असतो. नंतरचं पाणी जाळीतून आणि खडी-वाळूच्या टाकीतून विहिरीत सोडा. जाळी आठवड्याला साफ करा, नाहीतर जुलैमध्ये पाणी उलटं अंगणात येईल. अंगणभर पेव्हर ब्लॉक घालणार असाल तर निदान झाडांची आळी मोकळी सोडा. आणि ड्रमही ठेवा. कुंड्यांना चार दिवस पुरेल, वाईट काही नाही.

आमच्यातल्या तीन घरांनी मिळून या आठवड्यात तलाठ्याकडे अर्ज द्यायचं ठरवलंय, की जागेवर येऊन पाहणी करा, पंचनामा करा आणि या गटात पाण्याचा साठा आहे अशी नोंद करा. उरलेल्या दोन घरांशी बोलणं चालू आहे. भांडण नाही, आम्ही अजून एकमेकांच्या घरी जेवतो. आपापल्या गावातल्या बावखलाचा एक फोटो, गाव, गट नंबर आणि सातबाऱ्यावर नोंद आहे की नाही एवढं कमेंटमध्ये टाका. बुजलेलं असेल तर कुठल्या वर्षी बुजलं तेही. गावागावाची यादी झाली की अर्ज एकत्र देता येतील.