पुनर्जाळीकरण

दाबून, ओढून किंवा लाटून आकार बदललेल्या पदार्थाची माहिती सिम्युलेशनच्या मध्येच नव्या, सम व्हॉक्सेल-जाळीवर उतरवून घेण्याची क्रिया. व्हॉक्सेल म्हणजे त्रिमित चित्रातला सर्वांत लहान ठोकळा, पिक्सेलचा घनरूप भाऊ.

इंदूरच्या जुनी इंदूर भागात दारापुढे ठिपक्यांची रांगोळी काढणाऱ्या मराठी बाईला हे फार समजावून सांगावे लागू नये. पंधरा ते पंधराची रांगोळी रबरी कापडावर काढून कापड ताणले, की ठिपके एका दिशेने विरळ होतात, दुसऱ्या दिशेने दाटतात. त्याच नक्षीवर पुन्हा सारख्या अंतराने ठिपके मांडायचे आणि प्रत्येक नव्या ठिपक्याला सर्वांत जवळच्या जुन्या ठिपक्याचा रंग द्यायचा. संगणकही एवढेच करतो.

अशा पुनर्मांडणीची गरज धातूंच्या स्फटिककणांच्या अभ्यासात ठळकपणे भासते. फ्रान्समध्ये मुलिनेक आणि स्युके यांनी १९९४ मध्ये मांडलेली फूरिये-रूपांतराची पद्धत सम जाळीवर झपाट्याने चालते. ड्युसेलडॉर्फच्या माक्स प्लांक संस्थेत घडलेले डामास्क हे सॉफ्टवेअरही ती वापरते. समजा १२८ × १२८ × १२८, म्हणजे २०,९७,१५२ व्हॉक्सेलचा घन लाटून त्याची जाडी निम्मी केली आणि रुंदी तशीच ठेवली. लांबी दुप्पट होते, आणि प्रत्येक ठोकळा जाडीच्या चौपट लांब, वडीसारखा चपटा होतो. कणांच्या सीमांजवळ तर तो वेडावाकडाही होतो आणि गणित अडखळू लागते. नवी जाळी २५६ × १२८ × ६४ अशी घेतली, तर ठोकळे पुन्हा घनाकार होतात आणि त्यांची संख्याही तेवढीच राहते. नमुना चहूबाजूंनी आवर्ती धरलेला असल्याने, एका कडेबाहेर गेलेला भाग समोरच्या कडेने आत घेतात.

इथे सरासरी काढण्याचा मोह आवरावा. एका कणाची जाळकरचना १०° फिरलेली, शेजारच्याची ५०°. सरासरी ३०° आली, तर तसा कण पदार्थात कुठेच नसतो. म्हणून जवळच्या बिंदूची नोंद, दिशा आणि विस्थापन-घनता (स्फटिकरचनेतल्या रेषीय दोषांची दाटी) यांसह, जशीच्या तशी उचलतात. त्याचीही किंमत आहेच: सीमा पायऱ्यापायऱ्यांच्या होतात, व्हॉक्सेलहून बारीक पट्टा गायब होऊ शकतो आणि बलांचा समतोल बिघडल्याने पुढचा भार देण्याआधी तो नव्याने साधावा लागतो.

इंदूरच्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात (स्थापना १९८४) कणत्वरकांसाठी नायोबियमच्या अतिसंवाहक पोकळ्या बनतात. काही मिलिमीटर जाडीचा पत्रा साच्यात दाबून वाटी घडवतात आणि अशा वाट्या इलेक्ट्रॉन-शलाकेने सांधतात. वाटीच्या वळणावर पत्र्यातले कण कसे ताणले गेले, हे शेवटपर्यंत संगणकावर पाहायचे झाल्यास पुनर्जाळीकरणाचा प्रश्न येतोच. ते किती वेळा करावे याचे ठाम सूत्र नाही. दर फेरीत थोडी माहिती सांडते, तेव्हा जितके कमी तितके बरे. आधी आणि नंतर प्रत्येक कणाने व्यापलेल्या घनफळाचे प्रमाण ताडून पाहणे, ही सर्वांत स्वस्त परीक्षा.